रोल धुवायला दिला आहे!

गेल्या वर्षी उत्सवाच्या तयारीत मंडळाचे जुने लोखंडी कपाट रिकामे करायला घेतले. झांजा, आरतीच्या पुस्तिका, वर्गणीची जुनी पावतीपुस्तके यांच्या खाली एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. त्यात आपल्या सुरुवातीच्या उत्सवांचे फोटो होते. तरुण कार्यकर्त्यांनी ते सतरंजीवर पसरले, तेव्हा त्यांचे आपोआप तीन ढीग झाले. काही कृष्णधवल फोटो कालच काढल्यासारखे स्वच्छ होते. रंगीत फोटो सगळे तांबूस झाले होते. बाप्पाचा हिरवा शेला तपकिरी दिसत होता. तिसऱ्या ढिगातले फोटो कृष्णधवलच, पण पिवळट, डागाळलेले. एकात तर आरती कोण करत आहे तेही ओळखू येईना.

नागपूरहून नोकरीसाठी इथे आलेल्या एका मुलाने विचारले, "काका, एकाच वर्षीचे फोटो ना हे? मग हे चांगले आणि हे असे का?"

उत्तर मला ठाऊक होते, कारण ते पिवळे फोटो मीच धुतले होते. त्याला मी म्हटले, "स्मरणिकेत लिहितो." तो शब्द आज पाळत आहे. पण उत्तर मुळापासून सांगायचे तर थोडे मागे, आणि थोडे म्हैसूरबाहेर जावे लागेल.

धुणे म्हणजे काय?

पूर्वी लग्नकार्य झाल्यावर "फोटो कुठे आहेत?" असे विचारले की उत्तर ठरलेले असे : "रोल धुवायला दिला आहे." आजच्या मुलांना हे वाक्य कपड्यांविषयी वाटते, पण शब्द अगदी योग्य आहे. कॅमेऱ्याची कळ दाबली म्हणजे फोटो झाला असे नव्हे. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. प्रकाश पडला की त्या कणांत बदल होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. दिसू लागतो तो डेव्हलपरमध्ये. डेव्हलपर प्रकाश पडलेल्या कणांची काळी चांदी करतो. मग सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात ती क्रिया थांबवायची. नंतर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. तो उरलेले क्षार विरघळवून टाकतो. आणि शेवटी पाणी, भरपूर वाहते पाणी. या शेवटच्या पाण्याकडे लक्ष असू द्या. आपल्या डब्यातल्या पिवळ्या ढिगाचे मूळ तिथे आहे.

मी डेव्हलपर घरीच करत असे. कोडॅकचे डी-७६ हे मिश्रण १९२० च्या दशकातले. त्याची कृती पुस्तकांत छापलेली असे. मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार २ ग्रॅम, आणि सगळे मिळून पाणी १ लिटर. आधी मेटॉल विरघळवायचे आणि मग सल्फाइट. क्रम चुकला तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. म्हणजे फोडणीसारखेच, मोहरी आधी आणि हळद नंतर! द्रावण २० अंशांवर हवे. एप्रिलमध्ये म्हैसूरच्या नळाचे पाणी त्याहून बरेच गरम असते, म्हणून मोठ्या परातीत बर्फाचे पाणी घालून त्यात ट्रे ठेवायचा. जागा अर्थातच न्हाणीघर. खिडकीला काळे कापड, बल्बला लाल कागद, आणि बाहेर रांगेत ताटकळलेली घरची मंडळी.

बेलूर आणि मुंबई, साल १८५४

ही विद्या आपल्या भागात फार लवकर आली. फोटोग्राफीचा शोध जगापुढे आला १८३९ मध्ये. त्यानंतर १५ वर्षांत, डिसेंबर १८५४ मध्ये, लिनियस ट्राइप हा कंपनी सरकारच्या सैन्यातला अधिकारी म्हैसूर संस्थानातल्या बेलूर-हळेबीडच्या देवळांचे फोटो काढत होता. तेव्हा फिल्म नव्हती. मेण लावलेल्या कागदाची निगेटिव्ह असे. होयसळ शिल्पांची ही चित्रे १८५५ च्या मद्रास प्रदर्शनात मांडली गेली. पाहुण्यांना घेऊन आपण बेलूरला जातो आणि मोबाइलवर शंभर फोटो काढतो, तिथे ट्राइपला एकेका कागदासाठी केवढा खटाटोप करावा लागला असेल!

त्याच वर्षी, ऑक्टोबर १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. अशा प्रकारची ही भारतातली पहिली संस्था. तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते आणि स्वतः उत्तम फोटो काढत. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉक्टर. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नामांकित फोटोग्राफर झाले. फोटोग्राफी म्हणजे साहेबाने काढायची आणि आपण समोर उभे राहायचे, असा एक समज असतो. तो खरा नाही. अगदी पहिल्या वर्षापासून रसायनांनी काळी झालेली काही बोटे मराठी होती.

आपल्या रस्त्याचा बडोद्याशी संबंध

दसऱ्याची जंबू सवारी पाहायला आपण सगळे सय्याजीराव रोडवर गर्दी करतो. हे नाव बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे, हे आपल्यातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगतो. याच सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्यात १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. प्रमुख होते प्रा. त्रिभुवनदास गज्जर, मोठे रसायनतज्ज्ञ. तिथे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेला एक विद्यार्थी फोटोग्राफी, ब्लॉक तयार करणे आणि फोटोवरून शिळाछाप काढणे शिकला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर.

दादासाहेब फाळक्यांना आपण चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. पण १९१३ पूर्वीची वीस वर्षे हा माणूस डार्करूममध्ये होता. गज्जरांनी त्यांना तिरंगी ब्लॉकचे काम शिकायला रतलामला पाठवले. नंतर त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेले, आणि ते गोध्रा सोडून बडोद्यास परतले. तिथे कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, आयुष्य कमी होते, अशी अफवा लोकांत पसरली आणि धंदा बसला. १९०३ पासून काही काळ ते पुराणवस्तू खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर होते. स्वदेशीच्या दिवसांत ती नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला. जवळच मळवलीला राजा रविवर्म्यांनी काढलेला शिळाछापखाना होता. त्या छापखान्याचे काम फाळक्यांकडे येई.

आपल्या जगनमोहन राजवाड्यात रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आहेत आणि ती पाहायला देशभरातून लोक येतात. पण घराघरांतल्या देवघरांत रविवर्मा पोहोचला तो छापील चित्रांतून. त्यामागे दगड, शाई आणि रसायने हाताळणाऱ्या कारागिरांची मोठी फळी होती.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्लॉक करताना जिलेटिन किंवा डिंकासारख्या चिकट द्रव्यात पोटॅशियम डायक्रोमेट मिसळतात. ऊन लागले की ते घट्ट होते आणि पाण्यात विरघळत नाही. सावलीतला भाग धुऊन जातो. याच तत्त्वावर बाभळीच्या जातीचा डिंक, डायक्रोमेट आणि जलरंग कागदावर फासून 'गम प्रिंट' काढतात. आज ज्याला कलावंत मंडळी पर्यायी छपाई म्हणतात, ती फाळक्यांच्या काळात पोटापाण्याची कारागिरी होती. या अनुभवाच्या बळावरच ते पुढे फिल्म स्वतः धुऊ शकले.

सरस्वतीबाईंची काळी खोली

१९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून फाळक्यांनी ध्यास घेतला. १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेला गेले, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र घेऊन एप्रिलमध्ये परत आले. दादरच्या बंगल्यात डार्करूम उभी राहिली. तिथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते. पुढची फारशी कोणी सांगत नाही.

कच्ची फिल्म कडेला भोके न पाडलेली येत असे. भोके घरी पाडायची, तीही अंधारात. चुकून उजेड लागला तर सगळी फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई फाळके करत. १९०२ मध्ये लग्न होऊन आलेली, पदरी मुले असलेली ही बाई दिवसा चित्रपटाच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करी, चित्रीकरणात ऊन परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभी राही, आणि रात्री काळ्या खोलीत फिल्मला भोके पाडी, रसायने मिसळी, फिल्म धुई. भांडवलासाठी तिचे दागिने आधीच गहाण पडले होते. तारामतीचे कामही तूच कर, असे नवऱ्याने सुचवले तेव्हा तिने नकार दिला, असे सांगतात. एवढी कामे अंगावर असताना तेही कोण करणार? ती भूमिका अखेर अण्णा साळुंके यांनी केली.

मी ड्रॉइंग ऑफिसचा माणूस, आकडेमोड केल्याशिवाय चैन पडत नाही. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३७०० फूट. एका फुटात १६ चित्रे, प्रत्येक चित्राला दोन्ही कडा मिळून ८ भोके. म्हणजे फुटाला १२८, आणि ३७०० फुटांना ४,७३,६००. पावणेपाच लाख भोके! यंत्र एका झटक्यात एकाहून अधिक भोके पाडत असेल, तरी हँडल फिरवणारा आणि अंधारात फिल्म सरकवणारा हात माणसाचाच. शिवाय हा हिशेब फक्त पडद्यावर दिसलेल्या लांबीचा. त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी होती, एवढाच काय तो दिलासा. मिणमिणत्या लाल दिव्यात थोडेफार दिसत असे. मात्र ती फिल्म नायट्रेटची, ठिणगीने भडकणारी. आणि मुंबईचा उकाडा असा, की द्रावण तापले तर जिलेटिनचा थर मऊ होऊन सुटायची भीती.

३ मे १९१३ रोजी चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्याची आज जी दोन रिळे उरली आहेत, ती १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत एकमत नाही. ज्या फिल्मसाठी एका बाईने रात्री जागवल्या, तिची ही अवस्था. आपल्या डब्याचा विचार करताना हे माझ्या मनातून जात नाही.

उटीचा इंदू आणि म्हैसूरचे सत्यन

स्वातंत्र्यानंतरही फिल्म परदेशातून यायची. ती देशात व्हावी म्हणून केंद्र सरकारने १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन केली. कारखाना उटीला निघाला. थंड हवा आणि धूळ कमी, म्हणून ती जागा. १९६७ पासून उत्पादन सुरू झाले आणि 'इंदू' नावाची फिल्म व कागद बाजारात आला. चांदीच्या कामाला चंद्राचे नाव, किती शोभते! म्हैसूरहून बंडीपूरमार्गे उटी सव्वाशे किलोमीटर, त्यामुळे आम्हाला इंदू घरचीच वाटे. तिची आयातीत फिल्मशी तुलना करून नाके मुरडणारे होते, पण पगारात परवडणारी तीच होती. पुढे रंगीत फिल्म आली, नंतर डिजिटल आले, आणि आजारी पडलेला तो कारखाना अखेर बंद झाला.

याच कृष्णधवल फिल्मवर म्हैसूरच्या एका माणसाने जगात नाव कमावले. टी. एस. सत्यन, जन्म १९२३, महाराजा कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ मध्ये ते 'डेक्कन हेराल्ड'चे फोटोग्राफर झाले, नंतर मुंबईच्या 'इलस्ट्रेटेड वीकली'त काम केले. 'लाइफ'सारख्या मासिकांत त्यांची छायाचित्रे आली, १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली. आर. के. नारायण त्यांचे स्नेही. डिसेंबर २००९ मध्ये म्हैसुरातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या फोटोंत राजेरजवाडे कमी; शाळेत जाणारी मुले, बाजारातल्या बायका, घामाघूम मजूर जास्त. आपल्यासारख्या हौशी लोकांना त्यांच्यापासून घेण्यासारखी गोष्ट ही, की साध्या माणसाचा फोटोही जपून ठेवण्याच्या योग्यतेचा असतो.

निळ्या दूर्वा

मी नोकरीला लागलो तेव्हा ड्रॉइंग ऑफिसात अमोनिया प्रिंट आले होते. डोळ्यांतून पाणी काढणारा तो वास जुन्या सहकाऱ्यांना आठवत असेल. त्याआधीची ड्रॉइंग निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांची, म्हणजे खरीखुरी ब्लू प्रिंट. ही पद्धत जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये शोधली. हायपोचा गुण सांगणाराही तोच. पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी याच निळ्या पद्धतीने समुद्रशेवाळांच्या ठशांचे पुस्तक काढायला घेतले. फोटोंनी सजलेले ते पहिले पुस्तक मानतात. गोव्यात पर्यायी फोटोग्राफीचे केंद्र निघाले आणि तिथे तरुण मंडळी या जुन्या पद्धती हौसेने शिकली, हे ऐकून मलाही हुरूप आला.

निवृत्तीनंतर गच्चीवर मी हा प्रयोग केला. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात. दोन्ही सारखे घेऊन मंद उजेडात जाड कागदाला फासले, वाळवले. वर बाप्पाच्या २१ दूर्वांची जुडी पसरून काच ठेवली आणि दहा-पंधरा मिनिटे ऊन दाखवले. पिवळट हिरवा कागद राखाडी झाला. पाण्यात धुतल्यावर गर्द निळ्या कागदावर पांढऱ्याशुभ्र दूर्वा उमटल्या, पात्यापात्याचे टोक वेगळे! शेजारच्या मुलांनी टाळ्या पिटल्या. हा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखाली मुलांना दाखवता येतो. आधी सांगितलेला डायक्रोमेटचा प्रयोग मात्र घरात करू नये, तो विषारी आहे.

आता माझी कबुली

तर त्या मुलाचा प्रश्न. रंगीत फोटोत चांदी राहत नाही, रंग राहतात. त्या काळच्या कागदांतला निळसर रंग आधी विटतो, म्हणून बाकीचे चित्र तांबूस दिसते. यात कोणाची चूक नाही.

कृष्णधवल ढिगांतला फरक मात्र हाताचा आहे. स्वच्छ राहिलेले फोटो एका जुन्या स्टुडिओवाल्यांनी धुतलेले. जाड कागदाचा फोटो हायपोतून काढल्यावर तासभर वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो. विसर्जनाच्या रात्री मी घाई केली. सकाळी सगळ्यांना फोटो दाखवायची हौस होती, आणि नळाला पाणी कमी होते. दोन बादल्यांत बुडवून काढले आणि दोरीवर टांगले. सौ.ने दारातून विचारले होते, "झालं एवढ्यात?" मी म्हटले, "झालं." सकाळी सर्वांनी वाहवा केली. पण कागदात राहिलेला हायपो वर्षानुवर्षे चांदी खात राहिला, तिचे सल्फाइड झाले आणि चेहरे पिवळे पडून विरले. त्या फोटोंतली काही माणसे आज आपल्यात नाहीत, आणि त्यांचा आरती करतानाचा दुसरा फोटो त्यांच्या घरीही नाही.

आणखी एक गोष्ट. न्हाणीघरात घड्याळ धरून सेकंद मोजणारी, परातीत बर्फ घालणारी सौ. होती. फोटोच्या पाठीवर शिक्का मात्र माझ्या एकट्याच्या नावाचा. सरस्वतीबाईंविषयी वाचले तेव्हा हे ध्यानात आले. चाळीस वर्षे उशीर झाला, पण या स्मरणिकेत नोंद करतो : ते फोटो आम्ही दोघांनी केले. बिघडवले मी एकट्याने.

सुदैवाने डब्याच्या तळाशी कागदी पाकिटात त्या रोलची निगेटिव्ह सापडली. फिल्मचा थर पातळ प्लास्टिकवर असतो, त्यात हायपो मुरून बसत नाही, त्यामुळे थोड्या धुण्यानेही ती तगली आहे. पिवळे चेहरे पुन्हा स्वच्छ मिळतील. त्या मुलाने स्कॅन करायचे मनावर घेतले आहे.

म्हणून सर्वांना विनंती. घरातली निगेटिव्ह 'आता काय उपयोग' म्हणून टाकू नका. कडेला धरून हाताळा, कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवा; आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी लवकर धरते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो जपून काढा. पाठीवर नावे आणि साल पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नको. स्कॅन केले तरी मूळ टाकू नका. आणि उत्सवाच्या दहा दिवसांत जुने फोटो घेऊन मंडळात या. कोण कोण आहे ते आठवणारी माणसे अजून आहेत, तोवर नावे लिहून घेऊ. फोटो कोणी काढला एवढेच नव्हे, तर कोणी धुतला, कोणी समई धरली, पंक्तीत कोणी वाढले, तेही लिहू.

रोल धुवायला दिला आहे. या वेळी पाणी भरपूर वापरू.

गणपती बाप्पा मोरया!